शाळेतल्या संगणकाचा दुभाषी

१/४ १९८४ साली भारत सरकारने ‘क्लास’ प्रकल्पाद्वारे निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोहोचवले. त्यांची स्मृती अवघी ३२ किलोबाइट!

२/४ म्हणून बेसिक भाषेतला ‘प्रिंट’ हा पाच रोमन अक्षरांचा शब्द २४१ या एकाच बाइटच्या संकेतात साठवला जाई.

३/४ मात्र इंटरप्रिटर हा दुभाषी प्रत्येक ओळीचा अर्थ दरवेळी नव्याने लावी. शंभर फेऱ्या, तर शंभर वेळा. कम्पायलर भाषांतर आधीच उरकतो. वेग वाढतो, पण त्याला स्वतःलाच बरीच स्मृती लागते.

४/४ मधली वाट बाइटकोडची. १९७९ च्या अ‍ॅपल पास्कलचा कम्पायलर आटोपशीर ‘पी-कोड’ तयार करी आणि इंटरप्रिटर तो चालवी. आजचा पायथनही त्याच वाटेने जातो. टंचाईत पडलेली ही वाट सुबत्तेतही मोडली नाही.