छापील हस्ताक्षराची गोष्ट

गेल्या गणेशोत्सवाच्या पत्रकावर आम्ही वेळ, हॉलचा पत्ता, जेवणाची कुपने, सगळे इंग्रजीत ‘मिस्ट्राल’ या फाँटमध्ये छापले. मूळ प्रत सुरेख दिसत होती. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर मात्र अक्षरे एकमेकांत मिसळली आणि तीन कुटुंबे आरती आटोपल्यावर पोचली. चूक आमची, फाँटची नव्हे. त्या निमित्ताने त्याची हकीकत शोधली, ती मंडळींपुढे ठेवतो.

रॉजर एक्स्कोफाँ (१९१०-१९८३) या फ्रेंच कलाकाराने स्वतःच्या हस्ताक्षरावरून हा टाइप घडवला. मार्सेय शहरातल्या ‘ओलिव्ह’ फाउंड्रीने तो १९५३ साली बाजारात आणला. मिस्ट्राल हे दक्षिण फ्रान्समध्ये वाहणाऱ्या थंड, जोरदार वाऱ्याचे नाव.

खरी करामत जोडणीची. त्या काळी प्रत्येक अक्षराचा वेगळा खिळा असे, शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा ओतलेला. आम्हा रसायनवाल्यांचे लक्ष अँटिमनीकडे जाते. त्याने खिळा कठीण होतो आणि थंड होताना आकसणे कमी होते, म्हणून कडा नेमक्या उतरतात. लिहिताना हाताला पुढचे अक्षर ठाऊक असते; खिळ्याला ते ठाऊक नसते. म्हणून एक्स्कोफाँ यांनी छोट्या अक्षरांच्या शेपट्या खिळ्याच्या काठाशी अशा आणल्या की शेजारी कोणीही येवो, रेघ जुळावी. तरीही हाताचा ओबडधोबडपणा त्यांनी घालवला नाही.

पुढे तो दुकानांच्या पाट्यांवर, जाहिरातींत आणि संगणकांवर पोचला. २०११ च्या ‘ड्राइव्ह’ चित्रपटाची नावे गुलाबी मिस्ट्रालमध्येच आहेत. आम्ही शिकलेला धडा असा: नाव, शीर्षक, एखादी ओळ यांना तो शोभतो. सगळी कॅपिटल अक्षरे त्यात घालू नयेत, आणि वेळ-पत्ता साध्या टाइपातच द्यावा.

हे वाचताना आम्हाला मोडी आठवली. आधी पानभर आडवी शिरोरेघ ओढायची, मग लेखणी फारशी न उचलता खाली अक्षरे लिहीत जायचे. तिचेही खिळे झाले होते: विल्यम कॅरे यांचा १८१० सालचा मराठी कोश सेरामपूरला मोडीत छापला गेला. पण छपाईत बाळबोधच टिकली, आणि आज आपल्यापैकी बहुतेकांना पणजोबांचे कागद वाचता येत नाहीत.

तीच पाळी पुन्हा येऊ पाहते आहे. आमच्या मुलांना संगणकावरचे मराठी थोडेफार वाचता येते, पण आजीचे पत्र हातात दिले की ती अडखळतात. आजीचा ‘ल’ त्यांनी कुठल्याच फाँटमध्ये पाहिलेला नसतो. म्हणून दिवाळी अंकाची शीर्षके यंदा हाताने लिहिलेली छापायचे ठरवले आहे. घरी आलेल्या आजी-आजोबांकडून कोऱ्या कागदावर, काळ्या शाईने, जरा ठळक चार ओळी लिहून घ्या आणि त्या मुलांकडून वाचून घ्या. मग कागद आमच्याकडे द्या. वेळ आणि पत्ता आम्ही साध्या टाइपात छापू!