जुना फुल फ्रेम कॅमेरा घ्यावा का? पैसे देण्याआधी या गोष्टी तपासा

तुळशीची लग्नं लागली की कोल्हापुरात मंगल कार्यालयांच्या तारखा भरायला लागतात. फोटोग्राफर नवीन मिररलेस कॅमेरे घेतात आणि त्यांचे जुने डीएसएलआर विकायला निघतात. त्याच वेळी नुकताच या धंद्यात उतरलेला एखादा तरुण साठवलेले पन्नास-साठ हजार घेऊन उभा असतो. एवढ्या पैशांत नवीन फुल फ्रेम येत नाही, जुना मात्र येतो. मग तो घ्यावा का?

जुन्या यंत्रातून नवं काम उभं करणं कोल्हापूरला नवीन नाही. बाबूराव पेंटर आणि त्यांचे मावसभाऊ आनंदराव यांनी सिनेमाच्या ध्यासापायी प्रोजेक्टरची उघडझाप करत कॅमेऱ्याचं तंत्र शिकून घेतलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. पुढे बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने देशी कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. पण त्यांना यंत्राचा प्रत्येक स्क्रू माहीत होता. आज जुना कॅमेरा घेणाऱ्याला निदान कुठे बघायचं, एवढं तरी माहीत हवं.

फुल फ्रेम म्हणजे नेमकं काय?

ज्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे जुन्या ३५ एमएम रोलच्या एका फ्रेमएवढा असतो, तो फुल फ्रेम. सुरुवातीच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये त्याहून लहान, एपीएस-सी सेन्सर असतो. क्षेत्रफळ मोजलं तर फुल फ्रेम त्याच्या सव्वादोन ते अडीच पट मोठा भरतो.

मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश जास्त पडतो. त्यामुळे अंधुक हॉलमध्ये फोटोत दाणे कमी दिसतात. लेन्सचा कोनही पूर्ण मिळतो. ५० एमएमची लेन्स एपीएस-सीवर ७५ ते ८० एमएमसारखी वागते, फुल फ्रेमवर ती ५०च राहते. छोट्या खोलीतल्या हळदीच्या कार्यक्रमात हा फरक लगेच जाणवतो.

पण सेन्सर मोठा म्हणजे फोटो चांगलाच, असं नाही. २००५ च्या कॅनन ५डीचा नेहमीचा आयएसओ १६०० पर्यंतच जातो. अलीकडचा चांगला एपीएस-सी कॅमेरा अंधारात त्याच्या पुढे जाऊ शकतो. म्हणून ‘फुल फ्रेम आहे का’ याच्या जोडीला ‘कोणत्या साली आला’ हेही विचारा.

बाजारात कोणते मॉडेल दिसतात?

कॅनन ५डी मार्क २ (२००८): २१ मेगापिक्सेल, फुल एचडी व्हिडिओ. फोकसचे मुख्य बिंदू ९ च आणि त्यातला मधलाच खरा भरवशाचा. वरातीत नाचणारी माणसं टिपताना हे अडचणीचं ठरतं. कार्ड जुन्या पद्धतीचं, कॉम्पॅक्टफ्लॅश लागतं.

निकॉन डी७०० (२००८): १२ मेगापिक्सेल, दणकट बॉडी, वेगवान फोकस. पण व्हिडिओ अजिबात नाही. आज लग्नाची ऑर्डर घेणाऱ्याला हे परवडणारं नाही.

कॅनन ५डी मार्क ३ (२०१२): २२ मेगापिक्सेल, ६१ फोकस बिंदू, दोन कार्डांची सोय. एक कार्ड बिघडलं तरी लग्न वाचतं.

कॅनन ६डी (२०१२): २० मेगापिक्सेल. मधला फोकस बिंदू अंधारात उत्तम चालतो, बाकीचे साधारण. कार्ड एकच.

सोनी ए७ (२०१३): २४ मेगापिक्सेल, मिररलेस, हलका. बॅटरीचं अधिकृत मोजमाप ३४० फोटोंच्या आसपास. दिवसभराच्या लग्नाला तीन-चार बॅटऱ्या जवळ हव्यात.

निकॉन डी७५० (२०१४): २४ मेगापिक्सेल, ५१ फोकस बिंदू, दोन एसडी कार्ड, एका बॅटरीवर हजाराहून जास्त फोटो. मात्र काही तुकड्यांच्या शटरमध्ये दोष निघाल्याने कंपनीने २०१५ मध्ये सेवा-सूचना काढली होती. घेताना त्याबद्दल विचारून घ्या.

खरा खर्च लेन्सचा

अनेकांची चूक इथेच होते. सगळे पैसे बॉडीत जातात आणि मग जुनीच लेन्स लावायची पाळी येते. कॅननच्या ईएफ-एस लेन्स त्यांच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. निकॉनच्या डीएक्स लेन्स बसतात, पण चित्र कापलं जातं. डी७५० चे २४ मेगापिक्सेल साधारण १० वर येतात. म्हणजे मोठ्या सेन्सरचे पैसे मोजले आणि वापरला लहानच.

म्हणून बजेटचे आधीच दोन भाग करा. ज्याच्याकडे साठ हजार आहेत, त्याने साठची बॉडी घेण्यापेक्षा तीस-पस्तीसची बॉडी, एक ५० एमएम एफ १.८ लेन्स, जादा बॅटरी आणि कार्डं घेतलेली बरी. थोडी रक्कम दुरुस्तीसाठी राखून ठेवा.

हातात घेतल्यावर काय बघायचं?

शटर काउंट: शटर किती वेळा उघडलं त्याचा आकडा. गाडीचं रनिंग असतं तसंच हे. कंपनीने दिलेली क्षमता ६डीसाठी १ लाख, तर ५डी मार्क २, मार्क ३, डी७०० आणि डी७५० साठी दीड लाख आहे. आकडा त्याच्या पुढे गेला म्हणून कॅमेरा लगेच बंद पडत नाही, पण भाव करताना तो मुद्दा धरा. निकॉनच्या मूळ फोटो फाइलमध्येच हा आकडा सापडतो, कॅननसाठी बहुधा वेगळं सॉफ्टवेअर लागतं. लग्नाच्या एका हंगामात हजारो फोटो निघतात, तेव्हा ‘घरीच वापरला’ या शब्दावर जाऊ नका.

सेन्सर: एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढून मोठा करून बघा. काळे ठिपके बहुतेक वेळा धुळीचे असतात, ते साफ होतात. ओरखडा जात नाही.

लेन्स: मागून मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोल्हापूरच्या लांब पावसाळ्यात बंद बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सना ती धरते.

बाकी: फ्लॅश लावून बघा, प्रत्येक बटण दाबा, दोन्ही कार्डांवर फोटो घ्या, दहा मिनिटं व्हिडिओ चालवा.

गुलाल आणि पूर

या भागात दोन गोष्टी जास्तीच्या तपासाव्या लागतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेत आणि मिरवणुकांत गुलालाची बारीक पूड बटणांच्या फटीत, झूमच्या रिंगमध्ये शिरते. रिंग फिरवताना करकर आवाज आला किंवा सांध्यात गुलाबी रेघ दिसली, तर कॅमेरा कुठे फिरलाय ते कळतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शहरातली कितीतरी घरं, दुकानं पाण्यात होती. भिजलेला कॅमेरा वाळवल्यावर काही काळ चालतो, पण आतली गंज थांबत नाही. बॅटरीच्या खणातले पत्रे, कार्डाच्या खाचा आणि तळाचे स्क्रू बघा. हिरवट थर किंवा गंज दिसला, तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

कागद आणि सर्व्हिस

बिलावरचा सिरियल नंबर आणि कॅमेऱ्यावरचा नंबर जुळतो का ते बघा. बिल नसेल तर विक्रीची चिठ्ठी, ओळखपत्राची प्रत घ्या आणि पैसे ऑनलाइन द्या. माल चोरीचा आहे असं मानायला कारण असूनही तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. मॉडेल बंद झाल्यावर काही वर्षांनी कंपनी सुटे भाग देणं थांबवते. म्हणून सर्व्हिस सेंटरला आधी फोन करून त्या मॉडेलचे भाग मिळतात का, ते विचारा.

मग घ्यावा की नको?

पोर्ट्रेट, प्रॉडक्ट, निसर्ग किंवा हॉलमधले स्थिर फोटो हे मुख्य काम असेल, भागांचा पत्ता असेल आणि लेन्सला पैसे उरत असतील, तर २०१२ नंतरचा फुल फ्रेम अजूनही चांगलं काम देतो. फोरके व्हिडिओ किंवा धावपळीचं शूटिंग हवं असेल, तर यातला एकही कॅमेरा फोरके रेकॉर्ड करत नाही. त्या पैशांत अलीकडचा एपीएस-सी मिररलेस जास्त उपयोगी.

ठरत नसेल, तर एक सोपा मार्ग आहे. ज्या मॉडेलवर मन बसलंय, तेच एका कार्यक्रमासाठी भाड्याने घ्या. लग्न पुन्हा लागत नाही. कॅमेऱ्याची परीक्षा दुसऱ्याच्या मंडपात पैसे घेऊन करण्यापेक्षा आधी घरच्या कार्यक्रमात झालेली बरी.