सीईटीचा निकाल हातात आला. आता नंबर कुठे लागेल? इंजिनिअरिंग प्रवेशाची शक्यता घरबसल्या कशी मोजावी

निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो, "एवढ्या पर्सेंटाइलवर चांगलं कॉलेज मिळेल का?" मग कुणी शेजारच्या मुलाला विचारतो, कुणी क्लासवाल्याला, तर कुणी "सीट पक्की करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला. खरं तर या प्रश्नाचं बरंचसं उत्तर सरकारी कागदांतच दिलेलं असतं. ते कसं वाचायचं हे आम्ही इथे क्रमाने सांगत आहोत. उदाहरण महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशाचं, म्हणजे एमएचटी-सीईटीचं घेतलं आहे.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

पीसीएम गटाचा पेपर २०० गुणांचा असतो. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न प्रत्येकी १ गुणाचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. परीक्षा अनेक सत्रांत होते, त्यामुळे निकाल पर्सेंटाइलमध्ये देतात. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली साधारण ९० मुलं आपल्या मागे आणि १० पुढे.

हिशोब सोपा आहे. समजा ३ लाख मुलांनी परीक्षा दिली, तर ९० पर्सेंटाइलच्या मुलापुढे सुमारे ३० हजार मुलं आहेत आणि ९९ वाल्यापुढे ३ हजार. अर्धा पर्सेंटाइल म्हणजे दीड हजार मुलं. नावाजलेल्या कॉलेजात एका शाखेच्या जागा शे-दीडशेच्या आसपास असतात, म्हणून तिथे अर्धा पर्सेंटाइलसुद्धा फार मोठा ठरतो. पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय इथे कॉम्प्युटर शाखेचा खुला कटऑफ ९९ च्या बराच वर जातो तो यामुळेच.

बारावीचे गुणही विसरू नयेत. खुल्या वर्गाला पीसीएममध्ये किमान ४५ टक्के आणि राज्यातल्या राखीव वर्गाला ४० टक्के लागतात. तेवढे नसतील तर सीईटीचा स्कोअर कामाला येत नाही.

कटऑफच्या यादीत आपला रकाना शोधा

सीईटी सेल दरवर्षी प्रत्येक कॅप फेरीचा कटऑफ संकेतस्थळावर टाकतो. त्यात कॉलेज, शाखा आणि जागेच्या प्रकाराप्रमाणे शेवटच्या मुलाचा मेरिट नंबर आणि पर्सेंटाइल असतो. एकाच शाखेचे दहा-पंधरा रकाने बघून पालक घाबरतात. आपल्याला त्यातले दोन-तीनच बघायचे असतात.

पहिलं अक्षर 'जी' म्हणजे सर्वसाधारण आणि 'एल' म्हणजे मुलींसाठीची जागा. मधला भाग वर्ग सांगतो, जसं ओपन किंवा ओबीसी. शेवटी 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटी, 'ओ' म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाची मुलं आणि 'एस' म्हणजे राज्य पातळी. याशिवाय 'ईडब्ल्यूएस', फीमाफीच्या जागांसाठी 'टीएफडब्ल्यूएस' आणि अल्पसंख्याक कोट्यासाठी 'एमआय' असे रकाने असतात.

होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी कुठून केली त्यावरून, राहत्या घरावरून नव्हे. नांदेडच्या मुलाने अकरावी-बारावी मुंबईत केली, तर त्याने मुंबईचा रकाना पाहायचा.

आपला वर्ग कोणता?

इथे आपल्या समाजात सगळ्यात जास्त गोंधळ असतो.

'मुस्लिम' म्हणून सरसकट आरक्षण आज महाराष्ट्रात नाही. २०१४ मध्ये ५ टक्क्यांचा अध्यादेश निघाला होता, पण त्याचा कायदा झाला नाही. मात्र मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्यांना जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर ही तिन्ही कागदं लागतात.

यात वैधतेला सर्वात जास्त वेळ लागतो. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. आपल्या आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यात पुष्कळदा नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं, आणि तिथेच फाइल अडते. म्हणून हे काम अकरावीतच सुरू करावं. चुलते, आत्या यांच्या जुन्या नोंदी आणि जन्म-मृत्यूचे उतारे गोळा करावेत. घरात कुणाची वैधता झाली असेल तर तिची प्रत जोडावी. मुदतीत कागद आला नाही तर मुलगा खुल्या वर्गात मोजला जातो आणि आपला सगळा अंदाज बदलतो.

ज्या घरांची जात कुठल्याच राखीव यादीत नाही आणि वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांनी ईडब्ल्यूएसचा विचार करावा. कित्येक शेख, सय्यद, पठाण घरांना हा रकाना आपल्यासाठीही आहे हेच ठाऊक नसतं. नुसत्या आडनावावरून मात्र काही ठरवू नये, जात तपासूनच अर्ज करावा.

अल्पसंख्याक कॉलेजांचा हिशोब वेगळा

मुंबईचं साबू सिद्दीक, नवीन पनवेलचं काळसेकर, नागपूरचं अंजुमन अशा मुस्लिम अल्पसंख्याक संस्थांत ५१ टक्के जागा आपल्या मुलांसाठी असतात. या जागांचा कटऑफ त्याच कॉलेजच्या सर्वसाधारण जागांपेक्षा वेगळा असतो, म्हणून दोन्ही बघावेत. अर्ज भरताना अल्पसंख्याक असल्याचा दावा टिक करणं आणि ठराविक नमुन्यातलं घोषणापत्र जोडणं जरुरी आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माची नोंद बरोबर आहे का, हेही आधी पाहून घ्यावं.

दुसरी गोष्ट, घटनेच्या कलम १५(५) मधून अल्पसंख्याक संस्थांना वगळलं आहे. त्यामुळे तिथे ओबीसी दाखल्यावर जागा मिळत नाही. तो दाखला इतर कॉलेजांसाठी जपून ठेवावा.

तीन खाने करा

आता एक वही घ्या. निवडलेल्या प्रत्येक कॉलेज-शाखेचा, आपल्या रकान्याचा, मागच्या तीन वर्षांचा कटऑफ लिहा. एकाच फेरीची तुलना त्याच फेरीशी करा, कारण पहिल्या फेरीचा कटऑफ सहसा चढा असतो आणि पुढे उतरतो.

समजा मालेगावचा एक मुलगा आहे, मोमीन, ओबीसी, पर्सेंटाइल ९१. (पुढचे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत.) पहिल्या कॉलेजचा ओबीसी कटऑफ तीन वर्षं ९४, ९५, ९४.५ आहे. ते झालं स्वप्नाच्या खान्यात. दुसऱ्याचा ९०, ८९.५, ९१.५ आहे. तो काठावर, नंबर लागेलही किंवा हुकेलही. तिसऱ्याचा ८४, ८५, ८३ आहे. ते भरवशाचं. चौथ्या, अल्पसंख्याक कॉलेजात सर्वसाधारण कटऑफ ९२ पण 'एमआय' रकान्यात ८० आहे. तेही भरवशाच्या खान्यात गेलं.

तीनही खाने भरलेले असावेत. पहिलाच खाना भरून ठेवणारा मुलगा हात हलवत परत येतो, आणि तिसराच भरणारा मिळू शकणारी चांगली जागा सोडून देतो.

पसंतीक्रमाची भीती नको

"वरचं कॉलेज आधी टाकलं तर खालचं हातचं जाईल" हा समज चुकीचा आहे. मेरिट नंबर आल्यावर यंत्रणा वरून खाली पाहत जाते आणि जी पहिली जागा बसते ती देते. म्हणून क्रम मनाच्या आवडीचाच ठेवावा. शंभराहून जास्त पर्याय भरता येतात, दहा-बारा भरून थांबू नये. मात्र पहिला पसंतीक्रम मिळाला तर ती जागा पक्की धरली जाते, म्हणून जिथे जायचंच नाही ते कॉलेज यादीत टाकू नये. बाकी नियम दरवर्षी थोडे बदलतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका जरूर वाचावी.

मुलींच्या बाबतीत

मुलींच्या जागांचा कटऑफ बऱ्याच ठिकाणी थोडा खाली असतो. शिवाय जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, शिकवणी आणि परीक्षा फी माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेल्यास ही सवलत मिळत नाही. "एवढा खर्च कोण करणार?" म्हणून मुलीला घरी बसवण्याआधी अब्बू-अम्मींनी हा हिशोब एकदा कागदावर मांडावा. दूरच्या कॉलेजचं वसतिगृह कसं आहे, हेही स्वतः जाऊन बघावं.

कॅपची जागा फक्त मेरिट नंबरावर मिळते. त्यात एजंटाचं काहीच चालत नाही, मग पैसे कशाचे द्यायचे? एक वही, तीन वर्षांचे कटऑफ आणि वेळेत काढलेले दाखले एवढं जवळ असलं तर घरचाच अंदाज पुरेसा पक्का असतो. ज्यांची मुलं यंदा अकरावीत आहेत, त्यांनी दाखल्यांचं काम याच महिन्यात हाती घ्यावं.