स्तनपान : परिचारिका आणि आशाताईंची मदत
जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगाशी देणे परिचारिकेच्या हाती असते. सिझेरियननंतरही, आई शुद्धीवर असेल तर, ते जमते. पहिले घट्ट, पिवळसर चिकाचे दूध पिळून टाकू नये, हे बाळंतिणीसोबत तिच्या आईला आणि सासूबाईंनाही समजावावे. मध-घुटीचे बहुधा त्याच ठरवतात!

‘दूध पुरत नाही’ म्हटले की लगेच डबा सुचवू नये. शेजारी बसून पाजणे पाहावे : बाळाचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली हवी. दिवसातून सहा-सात वेळा लघवी होत असेल तर दूध सहसा पुरते. दवाखान्यात डब्याच्या दुधाच्या जाहिरातीला १९९२च्या कायद्याने बंदी आहे.

दवाखान्यात बाळंतपण झाल्यास आशाताईंच्या गृहभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी ठरलेल्या असतात.