दुकान आपलं, पण दुखापत दुसऱ्याला झाली तर? पब्लिक लायबिलिटी विमा समजून घेऊ

महाडमध्ये विमा म्हटलं की आधी पूर आठवतो. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हापासून मालाचा विमा कशाला काढायचा हे कोणाला समजवावं लागत नाही. पण त्या विम्यातून भरपाई मिळते ती फक्त आपल्या मालाची आणि जागेची.

आता दुसरा प्रकार बघा. पावसाळी वाऱ्यात दुकानाचा बोर्ड सुटला आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यात पडला. ग्रिलचं वेल्डिंग करताना ठिणगी उडाली आणि शेजारच्या घरातलं सामान जळालं. पोलादपूरला हायवेवरच्या हॉटेलात ओल्या लादीवर प्रवासी घसरला आणि हाड मोडलं. इथे नुकसान दुसऱ्याचं आहे आणि जिम्मेदारी आपली. मालाचा विमा इथे कामाला येत नाही. यासाठी जो विमा असतो, त्याला सार्वजनिक दायित्व विमा म्हणतात. बोलताना सगळे पब्लिक लायबिलिटीच म्हणतात.

हा विमा काय देतो?

आपल्या धंद्यामुळे, आपल्या निष्काळजीपणाने, बाहेरच्या माणसाला इजा झाली, त्याचा जीव गेला किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर कायद्याने जी भरपाई आपल्यावर येते ती कंपनी ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरते. कोर्टात बचाव करण्याचा खर्चही साधारणपणे त्यात धरलेला असतो.

पॉलिसीत बहुतेक वेळा दोन आकडे असतात. एक, एका अपघाताची मर्यादा. दुसरा, पूर्ण वर्षाची मर्यादा. शिवाय सुरुवातीची काही रक्कम आपल्या खिशातून जाते. हप्ता ठरतो तो धंदा कोणता, उलाढाल किती आणि मर्यादा किती मागितली यावर. छोट्या दुकानदाराला वेगळी पॉलिसी घ्यावीच लागते असं नाही. ‘शॉपकीपर’ पॅकेज पॉलिसीत हा भाग जोडून मिळतो, पण तो आपण मागून घ्यावा लागतो.

तीन माणसं, तीन वेगळे कागद

सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते.

१) बाहेरचा माणूस, म्हणजे गिऱ्हाईक, शेजारी, रस्त्याने जाणारा: पब्लिक लायबिलिटी.

२) आपला कामगार: हा विमा त्याला लागू नाही. कामावर इजा झालेल्या कामगाराला भरपाई देण्याची मालकाची जबाबदारी १९२३ च्या कायद्यापासून चालत आली आहे. तिचा विमा वेगळा असतो. ३ नोव्हेंबर २०२३ ला महाड एमआयडीसीतल्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगारांचा जीव गेला. मोठ्या कारखान्यात होतं ते दोन माणसांच्या वर्कशॉपमध्येही होऊ शकतं.

३) गाडीने ठोकरलेला माणूस: त्यासाठी मोटार वाहन कायद्याखालचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा आहे. टेम्पोचा अपघात दुकानाच्या पॉलिसीत बसत नाही.

सक्ती कोणावर आहे?

आपल्या बेकरीवाल्यावर, सुतारावर, इलेक्ट्रिशियनवर हा विमा काढण्याची सक्ती नाही. सक्ती आहे ती ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घातक रसायनं हाताळणाऱ्यांवर. भोपाळची गॅस दुर्घटना डिसेंबर १९८४ मध्ये झाली, त्यानंतर १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्या घरांनी यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कारखान्यातल्या घातक रसायनाच्या अपघातात बाहेरच्या माणसाचं नुकसान झालं, तर या कायद्याखालची मदत मागताना कारखान्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. आणि अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्यासाठी अलिबागला, अपघातापासून ५ वर्षांच्या आत करायचा असतो.

गॅस सिलिंडरचं काय?

नोंदणीकृत गॅस ग्राहकांसाठी तेल कंपन्यांनी स्वतःच असा विमा काढलेला असतो. ग्राहकाला वेगळा हप्ता नाही. सिलिंडरचा अपघात झाला तर लगेच वितरकाला लेखी कळवायचं. पण घरगुती सिलिंडर हॉटेलात किंवा दावतीच्या भटारखान्यात वापरणं नियमाबाहेर आहे. तिथे अपघात झाला तर दावा अडकतो.

काय मिळत नाही?

जाणूनबुजून केलेलं नुकसान, कायदा मोडून केलेलं काम, घरच्या माणसांना झालेली इजा, आणि वाईट झालेलं काम पुन्हा करून देण्याचा खर्च यात येत नाही. खाण्यातून झालेली विषबाधा बऱ्याच पॉलिसींत वेगळी जोडून घ्यावी लागते. केटरिंगवाल्यांनी हे नक्की विचारावं. वेल्डर आणि मंडपवाल्यांनी विचारावं की दुसऱ्याच्या जागेवर केलेलं काम धरलंय का.

आणि विमा फक्त पैशाची जबाबदारी उचलतो. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खालचा गुन्हा त्याने टळत नाही.

अपघात झाला तर

जखमीला आधी दवाखान्यात न्या. विम्याचा विचार नंतर. मग फोटो काढा, साक्षीदारांची नावं लिहून ठेवा, कंपनीला लगेच लेखी कळवा. आपल्याकडे मोहल्ल्यातले चार बुजुर्ग बसून मामला मिटवतात. विचारपूस करायला जरूर जा. पण कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय चूक कबूल करून रक्कम लिहून देऊ नका, त्यावर कंपनी दावा नाकारू शकते.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. एकट्या मालकीचे आणि सूक्ष्म उद्योगही तिथे तक्रार करू शकतात, फी लागत नाही.

जायज आहे का?

हा सवाल येतोच. व्याज आणि गरर यामुळे विम्याबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत. फतवा देणं हे माझं काम नाही, आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारा. विचारताना विमा कशाचा आहे, कायद्याने सक्तीचा आहे का, हे नीट सांगा. मात्र एक गोष्ट फिक्हमध्ये जुनीच आहे: चुकून माणूस मेला तर दियत द्यावी लागते, आणि ती ‘आकिला’ने, म्हणजे त्याच्या लोकांनी मिळून भरायची. चूक एकाची, बोजा सगळ्यांनी वाटून घ्यायचा.

विमा घ्या किंवा घेऊ नका, दुसऱ्याचा हक आपल्यावर राहतोच. २४ ऑगस्ट २०२० ला काजळपुऱ्यातली तारिक गार्डन कोसळली आणि १६ जण गेले. कोणत्याही पॉलिसीने माणूस परत येत नाही. म्हणून आधी बोर्डाचे नट घट्ट करा, उघडी वायर बदला, गॅसची नळी तपासा. आमच्या शाळेत गॅदरिंगला मंडप घालणाऱ्याला आम्ही पूर्वी फक्त भाव विचारायचो. आता विचारतो, “खांब कसे बांधणार? आणि कोणाला लागलं तर विमा आहे का?”