रसायनांचा समासविग्रह

आसगाव हे भंडारा जिल्ह्यातले, वैनगंगेच्या खोऱ्यातले धानाचे गाव. आम्हा दोघांचा तेथे दोन दिवस मुक्काम होता. दोघेही मराठीचे प्राध्यापक. रसायनशास्त्राशी असलेला आमचा संबंध शाळेतच सुटलेला. रोवणी होऊन महिना लोटला होता, बांध्यांत पाणी उभे होते, आणि ओसरीच्या कोपऱ्यात फवारणीच्या औषधाची एक बाटली ठेवलेली होती. घरातले वडीलधारे, ज्यांना सारे घर बाबाजी म्हणते, त्यांनी ती आमच्यापुढे धरली. "सर, तुमी येवढे शिकले, मंग ह्याच्यात काय हाये ते वाचून सांगा ना."

आम्ही वाचले. मोठ्या अक्षरांत कंपनीने दिलेले नाव होते, त्याखाली लहान अक्षरांत 'क्लोरपायरीफॉस'. बाबाजींची नात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने फोनवर शोधून त्याच पदार्थाचे तिसरे नाव दाखवले: ओ,ओ-डायइथिल ओ-(३,५,६-ट्रायक्लोरोपिरिडिन-२-इल) फॉस्फोरोथायोएट. हेही आम्ही वाचले, म्हणजे नुसते उच्चारले. तिला मात्र त्या अक्षरांच्या रांगेत एक आकृती दिसत होती. "याच्यात फॉस्फरस आहे, सल्फर आहे, तीन क्लोरीन आहेत," एवढे सांगून ती थांबली. पुढचे तिला इंग्रजीत येत होते, मराठीत सांगता येईना. आम्हांला मराठी येत होते, पण सांगण्यासारखे काही ठाऊक नव्हते. बाबाजी दोघांकडे आळीपाळीने पाहत होते.

त्या संध्याकाळी नातीने एकेक तुकडा उलगडला आणि आम्ही त्याला मराठी जोडत गेलो. पाहता पाहता आमच्या ध्यानात आले की आपण वर्गात वर्षानुवर्षे जे करतो तेच येथे चालले आहे, समासाचा विग्रह! 'फॉस्फोरोथायोएट' हे शेवटचे पद प्रधान; तत्पुरुषात असते तसे. फॉस्फरसाभोवती ऑक्सिजन बसलेले, पण त्यांतल्या एकाची जागा गंधकाने घेतलेली; 'थायो' म्हणजे ग्रीक भाषेतला गंधक. 'डायइथिल' म्हणजे इथिलाच्या दोन शाखा. 'ओ' हे अक्षर सांगते की त्या ऑक्सिजनामार्फत जोडल्या आहेत. 'पिरिडिन' हे सहा अणूंचे कडे, पाच कार्बनांचे आणि एका नायट्रोजनाचे. मोजणी नायट्रोजनापासून सुरू करायची. तिसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या जागी क्लोरीन, आणि दुसऱ्या जागी हे कडे मुख्य पदाला अडकवलेले. ज्याला नियम ठाऊक आहेत त्याला हे नाव ऐकून कागदावर रेणू काढता येतो, आणि रेणू पाहून हेच नाव पुन्हा बांधता येते. मराठीतला कोणताही सामासिक शब्द इतका प्रामाणिक असल्याचे आम्हांला स्मरत नाही. 'पंकज' म्हटल्यावर चिखलात जन्मणारे सगळेच त्यात येत नाहीत, हे आपण मुलांना शिकवतोच.

हे व्याकरण आले कोठून? रसायनांची जुनी नावे घराण्याची नव्हती, माहेरची होती. पदार्थ जेथे सापडला त्याचे नाव त्याला चिकटले. मुंग्यांपासून मिळाले ते फॉर्मिक अम्ल, कारण लॅटिनमध्ये मुंगी म्हणजे फॉर्मिका. शिरक्यातले ॲसेटिक, लोण्यातले ब्युटिरिक, दुधातले लॅक्टिक. १७८७ साली पॅरिसमध्ये गितों द मॉर्व्हो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फुरक्र्वा या चौघांनी नामकरणाची पद्धत प्रसिद्ध केली तेव्हा क्षार, अम्ले व धातूंची नावे शिस्तीत आली. नावाचा शेवट पाहून घटक ओळखता येऊ लागले. सेंद्रिय पदार्थ मात्र या शिस्तीबाहेर राहिले. १८२८ मध्ये व्होलरने प्रयोगशाळेत युरिया बनवला आणि पुढच्या अर्धशतकात कार्बनाच्या संयुगांची संख्या इतकी फुगली की एकाच पदार्थाला चार नावे आणि एकाच नावाचे दोन पदार्थ असा गोंधळ माजला. १८६६ मध्ये हॉफमनने स्वरांचा क्रम धरून शेवट सुचवले. आज शाळेतली मुले म्हणतात ते 'एन', 'ईन' हे शेवट त्याच वळणाचे आहेत.

पुढे एप्रिल १८९२ मध्ये जिनिव्हात नऊ युरोपीय देशांतले ३४ रसायनज्ञ फ्रीडेलच्या अध्यक्षतेखाली जमले आणि त्यांनी ६२ ठराव केले. त्यांची गरज तशी ग्रंथपालाची होती: सूचीत एक पदार्थ एकाच जागी सापडावा. म्हणून ठरले की कार्बनांची सर्वांत लांब साखळी हे मूळ नाव, आणि बाकी सारे तिला लागलेले उपपद. 'आयसोपेंटेन' या नावात पाच कार्बन आहेत एवढेच कळत होते. '२-मिथाइलब्यूटेन' या नावात चारांची साखळी आणि तिच्या दुसऱ्या जागी एकाची शाखा असा सारा नकाशा आला. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघाने, ज्याला मुले आययूपॅक म्हणतात, १९३० मध्ये लिएज येथे हे नियम पुढे नेले आणि तो संघ आजही ते दुरुस्त करतो आहे. आज नोंदलेल्या पदार्थांची संख्या वीस कोटींवर गेली आहे. त्या प्रत्येकाला माहेरचे नाव शोधत बसणे अशक्यच.

माहेर अजिबात पुसले गेले असेही नाही. मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्यूटेन या पहिल्या चार नावांत लाकडाची दारू, ईथर, चरबी आणि लोणी लपलेले आहे. पाचापासून पुढे ग्रीक आकडे लागतात, आणि पेंटेन, हेप्टेन, ऑक्टेन, डेकेन म्हणताना मराठी कानाला पंच, सप्त, अष्ट, दश ऐकू आल्यावाचून राहत नाही. ती भाषेची चुलत नाती आहेत. २०१३ च्या नियमावलीत तर संघाने 'इथेनॉइक अम्ल' बाजूला ठेवून 'ॲसेटिक अम्ल' हेच पसंतीचे नाव ठरवले आणि फॉर्मिक अम्लातली मुंगीही राहू दिली.

त्याच नियमावलीत टिकून राहिलेले एक नाव आम्हांला विशेष बोचते. ते नाव 'ॲनिलीन'. आपल्या 'नीळ' शब्दाचा प्रवास अरबीत 'अन्-नील', पोर्तुगिजांच्या तोंडी 'अनिल' असा झाला, आणि निळीपासून मिळालेल्या तेलकट द्रवाला १८४० च्या सुमारास फ्रिट्शेने ॲनिलीन हे नाव दिले. १८५६ मध्ये पर्किनने त्याच ॲनिलिनापासून पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला आणि रंगांचे कारखाने उभे राहिले. १८९७ मध्ये जर्मनीतल्या बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली, आणि थोड्याच वर्षांत हिंदुस्थानातली निळीची शेती आटली. चंपारणच्या ज्या रयतेसाठी १९१७ मध्ये गांधीजी गेले, तिच्या हालअपेष्टांमागे या आटत्या धंद्याचीही सावली होती. मळेवाले आपला तोटा रयतेच्या माथी मारत होते. पीक गेले, पिकाचे नाव मात्र जगभरच्या रसायनाच्या पुस्तकांत अधिकृतपणे नांदते आहे. नाव देणारा आणि ज्याचे नाव घेतले तो, यांच्यात देवाणघेवाण कोणत्या अटींवर झाली हा प्रश्न शब्दकोशात विचारला जात नाही.

हा प्रश्न ज्यांना फार तीव्रतेने छळत होता असे एक गृहस्थ आमच्या नागपुरात होऊन गेले. डॉ. रघुवीर मूळचे रावळपिंडीचे, संस्कृतचे पंडित. फाळणीच्या तोंडावर आपली संस्था त्यांनी लाहोरहून नागपूरला आणली. नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी, आणि भंडारा त्याच प्रांतातला जिल्हा. संविधान सभेतही ते याच प्रांतातून गेले होते. उपसर्ग, धातू आणि प्रत्यय यांच्या जुळणीतून सगळ्या विज्ञानाची परिभाषा संस्कृतात घडवता येईल, आणि ती सर्व भारतीय भाषांना वापरता येईल, ही त्यांची श्रद्धा होती. हायड्रोजन उदजन झाला, ऑक्सिजन जारक, नायट्रोजन भूयाति, कार्बन प्रांगार. मिठाला ते म्हणाले 'क्षारातु नीरेय'.

यावर पिढ्यान्‌पिढ्या हशा पिकला. त्यांनी कधीही न घडवलेले विनोदी शब्दही त्यांच्या नावावर खपवले गेले. तो हशा आम्हीही विद्यार्थिदशेत केला आहे. आता त्याची थोडी लाज वाटते. कारण 'क्षारातु नीरेय' नीट पाहिले तर त्यात १७८७ च्या पॅरिसची शिस्त जशीच्या तशी आहे. इंग्रजी सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचा शेवट जसा एक, तसा क्षारातु, दहातु, चूर्णातु यांचाही एक, आणि त्या शेवटात 'धातु' स्पष्ट ऐकू येतो. 'क्लोराइड'मधल्या 'आइड'ला 'एय' उभा आहे, म्हणून ऑक्साइड 'जारेय' झाले आणि कार्बन डायऑक्साइड 'प्रांगार द्विजारेय'. नामकरण म्हणजे शब्दांची यादी नसून प्रत्ययांचे यंत्र आहे, हे हसणाऱ्यांपेक्षा रघुवीरांना अधिक कळले होते. 'जारक' ऐकताच रसशास्त्रातले जुने 'जारण' आठवते.

चूक झाली ती दुसरीकडे. यंत्र उचलताना त्याचे सुटे भागही नव्याने घडवायचा हट्ट त्यांनी धरला. नागपूरच्या विद्यार्थ्याने 'भूयाति' पाठ केले तरी परीक्षेनंतर त्याला नायट्रोजन शिकावाच लागणार, कारण जिनिव्हाच्या सूचीचे सारे मोल तिच्या एकपणात आहे. शिवाय मराठीत कर्ब, नत्र, गंधक हे शब्द चांगले रुळलेले असताना त्यांना उठवून प्रांगार आणि भूयाति बसवण्यात मराठीचा काय लाभ होता, हे आम्हांला आजवर उमगलेले नाही. १९६१ मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या शब्दावली आयोगाने मूलद्रव्यांची व संयुगांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवण्याचे धोरण घेतले. रघुवीर १९६३ मध्ये अपघातात गेले.

मराठी विश्वकोशाने मधला मार्ग काढला आणि आमच्या मते तो फार शहाणपणाचा होता. लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली १९७३ मध्ये परिभाषासंग्रहाचा खंड निघाला. पदार्थांची नावे तीच ठेवली, पण ज्या शब्दांनी विचार करायचा ते मराठी: संयुग, अम्ल, लवण, विक्रिया. आणि एक गोष्ट अशी घडली की जिचे कौतुक कोणी केलेले आमच्या वाचनात नाही. विश्वकोश लिहितो 'हायड्रोकार्बने', 'कीटोने', 'एस्टरे'. पुस्तक–पुस्तके, घर–घरे या चालीवर परक्या रेणूला नपुंसकलिंगी अनेकवचन लागले! शब्द पाहुणा राहिला, पण आमच्या व्याकरणाच्या पंगतीत बसून जेवला. रघुवीरांनी पाहुण्याला बाहेर ठेवले होते. आजची इंग्रजी माध्यमातली शिकवणी यजमानालाच बाहेर ठेवते.

घडवलेल्या शब्दांपैकी काही मात्र घट्ट रुजले. 'प्रथिन' हा त्यांतला एक. प्रोटीनच्या ग्रीक मुळातही 'पहिला' हाच अर्थ आहे. 'कर्बोदके' हा दुसरा. हे पदार्थ म्हणजे कार्बन अधिक पाणी अशी एके काळी समजूत होती, इंग्रजी नाव तिच्यावरून पडले, मराठीने त्याचे चोख भाषांतर केले. समजूत खोटी ठरली, नाव दोन्हीकडे उरले. आणि शेतात आहे 'नत्र, स्फुरद, पालाश'. स्फुरद म्हणजे लकाकणारा फॉस्फरस. पालाशात तर आमच्याकडचा पळसच ऐकू येतो, ज्याच्या राखेचा क्षार आयुर्वेदाला ठाऊक आहे. आसगावात बाबाजी नत्राची मात्रा सांगतात आणि त्यांची नात नायट्रोजनाची, एकाच ओसरीवर.

बाटलीवरचे नाव हा केवळ भाषेच्या हौसेचा विषय नाही, हे आम्हा विदर्भातल्या माणसांना २०१७ साली कळले आहे. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. दुकानातले नाव कंपनीगणिक बदलते. विषाची जात सांगते ते दुसरे नाव. त्यातला शेवटचा 'फॉस' पाहून डॉक्टराला सेंद्रिय फॉस्फरसाचे विष ओळखता येते आणि ॲट्रोपिन द्यायचे का हे ठरवता येते. तिसऱ्या, लांबलचक नावात ते विष कसे बांधले आहे तेही असते. रुग्णाला बैलगाडीत किंवा मोटारसायकलवर घालून नेणाऱ्याच्या तोंडी मात्र बहुधा पहिलेच नाव असते, किंवा तेही नसते.

आम्ही बाबाजींना हे सारे आमच्या परीने सांगितले. नातीने 'फॉस' या दोन अक्षरांखाली पेनाने रेघ ओढली. बाबाजींनी बाटली फिरवून वरचा रंगीत त्रिकोण पाहिला, झाकण पुन्हा एकदा आवळले आणि म्हणाले, "म्हंजे दवाखान्यात जाताना बाटली सोबत न्या लागते. नाव ध्यानात रायलं नाई तरी." मग ती त्यांनी ओसरीवरून उचलून गोठ्याच्या वरच्या फळीवर, लेकरांचा हात पोचणार नाही अशी ठेवली.