पाणबुड्याच्या मनगटावरचा हिशेब

आज एका यंत्राची हकिकत सांगायची आहे. हे यंत्र चालते खोल पाण्यात. नांदेड-लातूरच्या माणसाला त्याचे काय, असे कुणी म्हणेल. समुद्र आपल्यापासून दूर. आणि लातूरला तर २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पण आपल्याकडची तरुण मुले सुट्टीत मालवण-तारकर्लीला जातात आणि पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने ही विद्या शिकवणारी संस्थाच काढली आहे. जो पुढे रीतसर शिकतो, त्याला मनगटावर घड्याळासारखे एक यंत्र बांधावे लागते. त्याला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात. त्यावरचे आकडे वाचायला शिकणे फार अवघड नाही. ते आकडे ठरायला मात्र शंभर वर्षे लागली, आणि त्यापायी कित्येकांचे जीव गेले.

यातली मूळ गोष्ट आपल्या विहिरीवरही कळते. तळाची घागर काढायला बुडी मारणाऱ्या पोराला विचारा. दोन परस खाली गेले की कानाला दडा बसतो, असे तो सांगेल. तो पाण्याचा दाब. आपल्या डोक्यावर असलेल्या सबंध हवेचा जेवढा दाब, तेवढाच आणखी एक दाब दर दहा मीटर पाण्याला वाढतो. विहिरीतला पोरगा एका दमाची हवा घेऊन जातो आणि लगेच वर येतो, म्हणून त्याचे बिघडत नाही. पण जो खाली राहून श्वास घेतो, त्याला त्या खोलीच्या दाबाचीच हवा घ्यावी लागते. त्या हवेतला नत्रवायू रक्तात, मांसात, चरबीत मुरत जातो. जितके खोल जावे, जितका वेळ थांबावे, तितका तो जास्त मुरतो.

आता गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी आत आहे तोवर... नव्हे, ती तोंडाशी घट्ट बसली आहे तोवर पाणी कसे शांत दिसते! गोटी दाबली की दाब सुटतो आणि बुडबुडे उसळतात. एकदम वर आलेल्या पाणबुड्याच्या अंगात असेच घडते. बुडबुडे सांध्यांत अडकले तर असह्य कळा येतात. पाठीच्या कण्यात अडकले तर पाय लुळे पडतात. आणि कधी प्राणही जातो.

या दुखण्याचा मोठा तडाखा पहिल्यांदा बसला तो पूल बांधणाऱ्या मजुरांना. पातेले उपडे करून पाण्यात दाबले तर आतली हवा आतच राहते, हे आपण पाहतो. त्याच रीतीने नदीच्या तळाशी बिनबुडाची प्रचंड पेटी बसवत, तीत दाबाची हवा भरत आणि आत उतरून मजूर पुलाचा पाया खणत. अमेरिकेत सेंट लुईसचा पूल १८७४ साली पुरा झाला, तोवर दहाहून अधिक मजूर या दुखण्याने दगावले होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ साली असेच अंथरुणाला खिळले. त्यांच्या सूचना कामावर पोचवण्याचा भार त्यांच्या पत्नी एमिली यांनी वाहिला, आणि १८८३ साली पूल खुला झाला.

हे नत्रवायूच्या बुडबुड्यांचे काम आहे, असे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली दाखवून दिले. सावकाश वर या, हा त्यांचा सल्ला. पण सावकाश म्हणजे किती? त्याचा हिशेब जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी इंग्लंडमध्ये मांडला. त्यांनी बकऱ्या पोलादी कोठीत ठेवल्या, दाब वाढवला आणि मग निरनिराळ्या वेगाने उतरवला. दुखू लागले की बकरी पाय उचलून धरी. त्यावरून कळले, की दाब निम्मा होईपर्यंत बहुधा धोका नसतो. पुढे मात्र थांबत थांबत यावे लागते. बारवेच्या पायऱ्या चढताना माणूस टप्प्याटप्प्यावर दम घेतो ना, तसेच हे. १९०८ साली त्यांचे कोष्टक छापून आले. त्यातले आकडे पुढे दुरुस्त झाले, पण टप्प्याटप्प्याने वर येण्याची रीत टिकली.

या हॉल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन यांनीही दाबाचे प्रयोग केले, आणि तेही स्वतःच्या देहावर. ते १९५७ साली भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

कोष्टकाला एक मोठी अडचण होती. पाणबुड्या सारा वेळ सर्वांत खोल जागीच होता, असे ते धरून चाले. प्रत्यक्षात माणूस वरखाली होत असतो. झुरिकचे डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमान यांनी शरीराचे सोळा कल्पित भाग धरून, कुठे नत्रवायू लवकर मुरतो आणि कुठे उशिरा, याचे गणित बसवले. त्यांचा देश डोंगराळ असल्याने उंचावरच्या तळ्यांचाही त्यांनी विचार केला. १९८३ च्या सुमारास असा हिशेब क्षणोक्षणी करणारी यंत्रे बाजारात आली. दाब मोजायचा, वेळ मोजायचा आणि अंगात नत्रवायू किती साठला याचा अंदाज बांधायचा, एवढेच ते यंत्र करते.

नव्या शिकाऱ्याने नव्हे, नव्या शिकणाऱ्याने ते कोरड्या जमिनीवरच हाताळून घ्यावे. खोली किती, वेळ किती झाला, आणि न थांबता वर येता येईल अशी मिनिटे किती उरली, हे तीन आकडे नजरेत बसले पाहिजेत. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ-दहा मीटरांहून जास्त झाला तर यंत्र इशारा देते. शेवटी पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबावे, अशी चाल आहे. यंत्र ज्याचे त्याने बांधावे. एकाचा हिशेब दुसऱ्याला लागू पडत नाही. आणि तुम्ही दमला आहात, पाणी कमी प्यालात, रात्रभर प्रवास करून आलात, हे त्या यंत्राला कळत नाही. ते तुम्हालाच ध्यानात ठेवावे लागते.

आपल्या भागातल्या लोकांनी आणखी एक गोष्ट गाठीशी बांधावी. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच आहे. मालवणहून घरी यायचे म्हणजे घाट चढणे आलेच, आणि वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो. एकाहून अधिक बुड्या मारल्या असतील तर विमानात बसण्यापूर्वी निदान अठरा तास जाऊ द्यावेत, असे तज्ज्ञ सांगतात. घाट विमानाइतका उंच नसला, तरी कारण तेच आहे. तेव्हा दिवसभर खोल बुड्या मारून रात्रीच घाटाची गाडी धरू नये. एक मुक्काम करावा.

गुरुजींना एक विनंती. वर्गात सोड्याच्या दोन बाटल्या आणा. एकीचे झाकण झटकन उघडा, दुसरीचे हळूहळू सैल करा. कोणती उतू जाते ते मुलांना पाहू द्या, आणि मग हॉल्डेनच्या बकऱ्यांची गोष्ट सांगा. उद्या त्यांच्यातला कुणी समुद्रात उतरला, तर यंत्राने थांब म्हटल्यावर का थांबायचे, हे त्याला ठाऊक असेल.